एका दुपारचा हंगाम

आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेतील संघाचे भवितव्य वर्तवताना निवड चाचणीत कोण कसे खेळले, मागच्या वर्षीचे किती खेळाडू उरले आणि गोलरक्षक मिळाला की नाही, एवढ्याचाच हिशेब मांडण्याची सवय पुण्यातील शारीरिक शिक्षण संचालकांच्या आणि प्रशिक्षकांच्या अंगवळणी पडली आहे. येत्या हंगामाआधी ही सवय तपासून पाहणे गरजेचे आहे. कारण संघाची ताकद हा त्या भवितव्याचा एक भाग झाला, आणि उरलेला, बहुधा मोठा, भाग प्रवेशाच्या वेळापत्रकात, पावसात आणि स्पर्धेच्या पद्धतीत दडलेला असतो.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे कार्यक्षेत्र पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांचे असून क्रीडास्पर्धांसाठी त्याचे पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर आणि नाशिक असे चार विभाग मानले जातात. प्रत्येक विभागात महाविद्यालये आपसात खेळतात, त्यांतून विभागाचा संघ निवडला जातो, हे विभागीय संघ आंतरविभागीय स्पर्धेत एकमेकांशी भिडतात, आणि त्या कामगिरीवरून विद्यापीठाचा संघ ठरून तो भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत उतरतो. तेथे पहिल्या चारांत आलेली विद्यापीठे सर आशुतोष मुखर्जी यांच्या नावाच्या करंडकासाठी अखिल भारतीय पातळीवर खेळतात. कागदावर ही शिडी नीट आहे. पण तिची सर्वांत खालची, म्हणजे महाविद्यालयांनी ज्यावर पाय ठेवायचा ती, पायरीच अरुंद आहे, कारण या टप्प्यावरील सामने बहुधा बाद पद्धतीने, म्हणजे हरलेल्या संघाने तेथेच स्पर्धेबाहेर जायचे या पद्धतीने, खेळवले जातात.

समजा, एका विभागात ३२ संघ उतरले. बाद पद्धतीत विजेता ठरवायला ३१ सामने लागतात. त्यांपैकी पहिल्याच फेरीत १६ संघ घरी जातात, दुसऱ्या फेरीत आणखी ८ जातात, आणि अशा रीतीने २४ संघांचा, म्हणजे चारांतील तिघांचा, हंगाम एका किंवा दोन सामन्यांत आटोपतो. निम्म्या महाविद्यालयांच्या बाबतीत तर वर्षभराच्या सरावाचे, टी-शर्टांच्या निविदांचे आणि प्राचार्यांच्या सहीसाठी केलेल्या खेपांचे फळ एका दुपारी ठरते. ज्या खेळात गुण भरभरून मिळतात तेथे एका सामन्यावरून संघाची पारख करणे एक वेळ खपते, कारण कबड्डीत चढाईमागून चढाई होत राहते आणि सरस संघाला चूक भरून काढायला वेळ मिळतो. फुटबॉलचे तसे नाही. कतारमधील २०२२ च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे सामन्यामागे तीनसुद्धा नाहीत. आणि जेथे एकाच गोलने निकाल फिरतो तेथे नशिबाचा वाटा आपोआप वाढतो. त्याच स्पर्धेत २२ नोव्हेंबर रोजी सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ असे हरवले होते. ती फेरी साखळी पद्धतीची, म्हणजे गटातील प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायची, असल्यामुळे अर्जेंटिनाला आणखी दोन सामने मिळाले आणि पुढे तोच संघ जगज्जेता ठरला. शिवाजीनगरच्या एखाद्या मैदानावर बाद पद्धतीने खेळताना त्या संघाला संध्याकाळच्या आतच बूट पिशवीत भरून निघावे लागले असते.

याचा फटका केवळ हरणाऱ्या महाविद्यालयाला बसतो असे नाही. विभागाचा संघ निवडणारे सदस्य मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकून बसतात तेव्हा निम्म्या संघांतील खेळाडू त्यांच्या नजरेला एकदाच पडतात, आणि त्या एका सामन्यात जर चेंडू उजव्या बाजूला फारसा गेलाच नाही तर उजव्या बगलेवरचा चांगला खेळाडू कसा आहे हे कोणालाच कळत नाही. वेगळी निवड चाचणी घेतली तरी ती तासा-दोन तासांची असते, आणि तेथे ज्याच्या पायात चेंडू नाचतो तो उठून दिसतो. दबावाखाली जागा धरून राहणारा बचावपटू दिसत नाही. विद्यापीठाचा संघ पश्चिम विभागात मागे पडला की दोष खेळाडूंच्या दमसासाला दिला जातो. निवडीच्या या मुळाशी मात्र कोणी जात नाही.

आता संघात कोण असेल हे पाहावे. पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असताना दर वर्षी संघाचा सुमारे तिसरा हिस्सा बाहेर पडायचा आणि नेमका तोच सर्वांत मुरलेला असायचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि इतर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडण्याची किंवा ऑनर्ससाठी चौथे वर्ष थांबण्याची मुभा त्यात असल्यामुळे स्वायत्त महाविद्यालयांतील पहिली तुकडी २०२६-२७ मध्ये चौथ्या वर्षात असेल, तर इतरांची तुकडी त्यानंतर एका वर्षाने तेथे पोहोचेल. एकवीस-बावीस वर्षांचे चार-पाच खेळाडू एका संघात राहिले आणि समोरच्या संघात ते नसले, तर त्या एका हंगामात अंगाच्या ताकदीचा आणि सामन्याच्या समजेचा फरक मैदानावर दिसल्याशिवाय राहणार नाही. आपल्या तिसऱ्या वर्षाच्या खेळाडूंपैकी कोण थांबणार आहे, ही चौकशी निवड चाचणीपेक्षा अधिक उपयोगाची आहे आणि ती आजच करता येते.

अभियांत्रिकी महाविद्यालयांची अडचण उलट दिशेची आहे. सामाईक प्रवेश परीक्षेनंतरच्या प्रवेशफेऱ्या लांबत गेल्या की पहिल्या वर्षाचे वर्ग ऑगस्टच्या मध्यावर किंवा त्याही पुढे भरतात, आणि प्रवेश पक्का होऊन पात्रता अर्जावर शिक्का बसेपर्यंत नव्या खेळाडूला संघात धरता येत नाही. कोल्हापूरच्या तालमीच्या संघांतून राजर्षी शाहू स्टेडियमवर भरगच्च गर्दीपुढे खेळलेला मुलगा पुण्यात शिकायला आला आहे, हे कित्येकदा स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात कळते; आणि त्याच्या पायांना सामन्यांची जी सवय असते ती इथल्या मुलांना का नसते, याचे उत्तर गुणवत्तेत शोधू नये, त्याच्या वाट्याला आलेल्या सामन्यांच्या संख्येत शोधावे.

अभिमत विद्यापीठे, म्हणजे स्वतःच्या पदव्या देण्याचा अधिकार असलेल्या संस्था, ही आणखी एक बाब. सिम्बायोसिस, भारती विद्यापीठ, डी. वाय. पाटील यांसारख्या संस्थांचे संघ विद्यापीठ म्हणून थेट पश्चिम विभागात उतरतात, आणि अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ओळखले गेलेले सीओईपी २०२२ मध्ये स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाल्यापासून त्याच रांगेत आले आहे. त्यामुळे एकाच शहरातील दोन सारख्या खेळाडूंपैकी एकाला पश्चिम विभाग गाठायला तीन पायऱ्या चढाव्या लागतात आणि दुसरा आपल्या संस्थेच्या संघात निवडला गेला की तेथे पोहोचतो. ही तक्रार करण्याजोगी गोष्ट नव्हे, पण बारावीनंतर कोठे प्रवेश घ्यावा हे ठरवणारे खेळाडू ती जाणतात, आणि संलग्न महाविद्यालयांच्या प्रशिक्षकांनीही ती जाणून असावे. त्याहून वरच्या दर्जाचे खेळाडू तर महाविद्यालयापर्यंत येतच नाहीत: कोल्हापूरचा अनिकेत जाधव बालेवाडीच्या क्रीडाप्रबोधिनीतून आणि पुणे एफसीच्या अकादमीतून घडत २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. ते पुणे एफसी आणि नंतरचे एफसी पुणे सिटी हे दोन्ही व्यावसायिक संघ आज उरलेले नाहीत. दुसऱ्याची जागा २०१९ मध्ये हैदराबादने घेतली. शहरात व्यावसायिक फुटबॉलचा असा लोप झाला असताना महाविद्यालयीन फुटबॉलचा दर्जा टिकवून धरण्याचा भार जिल्हा संघटनेच्या साखळी स्पर्धेवर, म्हणजे तिच्यात खेळणाऱ्या क्लबांवर, पडलेला आहे, आणि क्लबाकडून खेळणाऱ्या विद्यार्थ्याला सरावाला दांडी मारली म्हणून वगळणारा प्रशिक्षक स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेत असतो.

सराव सुरू होतो तो भर पावसाळ्यात. काळ्या मातीच्या मैदानावर रात्रभर पाऊस झाला की सकाळी साडेसहाला गोलच्या तोंडाशी घोटाभर पाणी साचलेले असते, आदल्या दिवशी मारलेली फक्की वाहून गेलेली असते, आणि दहा मिनिटे पळाल्यावर बुटांच्या स्टडमध्ये माती इतकी घट्ट बसते की खेळाडू काडीने ती उकरत कडेला उभे राहतात. अशा मैदानावर जमिनीलगतचा पास मध्येच थांबतो, म्हणून मुले चेंडू उंच मारायला शिकतात. आणि पाऊस सरून तेच मैदान मुरमासारखे टणक झाले की उंच मारलेला चेंडू टप्पा घेऊन रेषेबाहेर जातो आणि पावसाळ्यात कमावलेला खेळ निरुपयोगी ठरतो. ज्यांच्याकडे एकच मैदान आहे त्यांनी पावसाच्या दिवशी सराव रद्द करण्याऐवजी जिमखान्याच्या हॉलमध्ये किंवा बास्केटबॉलच्या सिमेंटच्या मैदानावर पाच-पाचांचे सामने खेळवणे शहाणपणाचे आहे, कारण लहान जागेत प्रत्येकाचा चेंडूशी संबंध कितीतरी अधिक वेळा येतो.

शारीरिक तयारीबद्दल एकच मुद्दा येथे विस्ताराने मांडायचा आहे. परीक्षेच्या आणि सुट्टीच्या महिनाभरात सराव पूर्ण थांबला की दमसास, म्हणजे शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता, लक्षणीय घटते, आणि सुट्टीहून आलेल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात पूर्वीच्या वेगाने पळवले की मांडीचे मागचे स्नायू दुखावतात. फिफाच्या वैद्यकीय विभागाने २००६ मध्ये तयार केलेला ‘११+’ हा सुमारे वीस मिनिटांचा वॉर्मअप फुकट उपलब्ध आहे. पळणे, एका पायावर तोल सांभाळणे, उडी मारून गुडघा सरळ रेषेत ठेवत उतरणे आणि जोडीदाराने घोटे धरून ठेवले असता गुडघ्यांवरून पुढे झुकणे असे त्याचे व्यायाम आहेत. नॉर्वेतील तरुण मुलींच्या संघांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात या वॉर्मअपमुळे दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचे आढळले. मुलींच्या संघांच्या प्रशिक्षकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या दुपटीहून अधिक असते आणि मुलींच्या स्पर्धेत संघ मोजके असल्याने एक खेळाडू गेला तर तिच्या जागी दुसरी उभी करणे अवघड जाते. मैदानाला दोन फेऱ्या मारून हातपाय झटकण्याला आपल्याकडे अजूनही वॉर्मअप म्हटले जाते, हे खेदाने नोंदवावे लागते.

पेनल्टींचा सराव मात्र थोडक्यात उरकता येतो आणि तो केला जात नाही. बाद फेरीत बरोबरी झाली की निकाल पाच-पाच पेनल्टींवर येतो. पाच नावे आणि त्यांचा क्रम आधीच ठरवून ठेवलेल्या संघाचा प्रशिक्षक त्या क्षणी ‘कोण मारणार?’ असे विचारत फिरत नाही.

स्पर्धेच्या पद्धतीबद्दल विद्यापीठाच्या विभागीय क्रीडा समितीपुढे दोन पर्याय ठेवता येतील. ३२ संघांचे चार-चारांचे आठ गट पाडून आधी साखळी आणि मग गटविजेत्यांची बाद फेरी घेतली तर ५५ सामने होतात, म्हणजे २४ अधिक. दोन मैदानांवर दिवसाला चार-चार सामने धरले तर तीन दिवस वाढतात, आणि पंचांच्या मानधनाचा व प्रवासभत्त्याचा खर्चही वाढतो, म्हणून समिती मान हलवण्याची शक्यता कमी आहे. दुसरा पर्याय स्वस्त आहे: पहिल्या फेरीत हरलेल्या १६ संघांचे आपसांत आठ सामने लावावेत, ज्यांना करंडकाशी संबंध नसेल पण निवडकर्त्यांनी ते पाहणे बंधनकारक असेल. त्याला एक दिवस लागतो आणि प्रत्येक संघाला किमान दोन सामने मिळतात.

समितीचा निर्णय होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचेही कारण नाही. फर्ग्युसन, बीएमसीसी, गरवारे आणि स. प. ही महाविद्यालये एकमेकांपासून दुचाकीने दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहेत, आणि अशा चौकड्या शहराच्या प्रत्येक भागात जमवता येतात. चार संघांची साखळी म्हणजे सहा सामने. दर रविवारी दोन, असे ऑगस्टचे तीन रविवार. परवानगी फक्त चार प्राचार्यांची, मैदान आळीपाळीने, पंच म्हणून ज्या महाविद्यालयाचा सामना नाही तेथील माजी खेळाडू, प्रथमोपचाराची पेटी यजमानांची. बदली खेळाडूंवर मर्यादा नसावी, म्हणजे बाकावरचे सगळे खेळतील. आणि प्रत्येक प्रशिक्षकाने एक वही ठेवून तीत खेळाडूच्या नावापुढे गोलांची संख्या लिहिण्याऐवजी तो मैदानावर किती मिनिटे होता आणि कोणत्या जागी खेळला एवढेच लिहावे. सप्टेंबरात अंतिम यादी टाइप करायला बसताना ज्या नावांपुढे तीन सामन्यांत मिळून चाळीस मिनिटेही भरलेली नाहीत, त्यांच्याविषयी आपल्याला काय माहीत आहे, हे त्या रकान्याकडे पाहून तपासता येईल.