‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणजे नेमकं काय झालंय, साहेब?

मागच्या आठवड्यात आपल्या भागातल्या एका कार्यालयात चार दिवस मालमत्ता कराचे उतारे मिळत नव्हते. खिडकीवर कागद चिकटवलेला – ‘सर्व्हर डाऊन आहे, सहकार्य करावे.’ रांगेत एक आजोबा. नातीच्या फीसाठी घरावर कर्ज काढायचंय, बँक उतारा मागतेय, तिसरी खेप. मला म्हणाले, “तुम्ही पत्रकार ना? जरा आत जाऊन बघा की.”

गेलो. बघतो तर सर्व्हर मस्त चालू! शेजारच्या टेबलावर भाऊसाहेबांची एक्सेल शीट उघडलेली, तीही सर्व्हरवरची. अडलं होतं फक्त उताऱ्याचं सॉफ्टवेअर. फाईल सेव्ह करायला गेलं की ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’. म्हणजे प्रवेश नाकारला.

झालं असं होतं. आदल्या शुक्रवारी सगळ्यांचे ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर सर्व्हरवर हलवले. याला फोल्डर रीडायरेक्शन म्हणतात. विंडोजमध्ये ही सोय २००० सालापासून आहे. चांगलीच आहे. टेबलावरचा कॉम्प्युटर जळाला तरी फाईली सर्व्हरवर शाबूत राहतात. सोमवारपासून उतारे बंद.

मी मॅडमना म्हटलं, तीच फाईल हाताने उघडून बघा. उघडली! म्हणजे मॅडमना परवानगी होती, सॉफ्टवेअरला नव्हती. असं कसं? नेटवर्किंगचं काम करणाऱ्या मित्राला फोन लावला. त्याने एकच प्रश्न विचारला, “सॉफ्टवेअर सुरू होताना पासवर्ड मागतं का?” मागत होतं. ते जुनं सॉफ्टवेअर अ‍ॅडमिन पासवर्ड दिल्याशिवाय चालतच नाही. म्हणजे खुर्चीवर मॅडम, पण सॉफ्टवेअर चालतंय त्या कॉम्प्युटरच्या अ‍ॅडमिन खात्याने. फोल्डर त्याच कॉम्प्युटरमध्ये होता तोवर त्या खात्याला सगळं खुलं होतं. फोल्डर सर्व्हरवर गेला आणि तिथे या खात्याला ओळखतंय कोण? गावातला पाटील शहरात गेला की रांगेतच उभा राहतो, तसं.

मित्राने उपायही सांगितला. सॉफ्टवेअरला अ‍ॅडमिन लागतो, कारण ते कॉम्प्युटरमधल्या स्वतःच्या फोल्डरमध्ये काहीबाही लिहीत असतं. तेवढ्या एका फोल्डरवर मॅडमच्या खात्याला लिहिण्याची परवानगी द्या आणि सॉफ्टवेअर त्यांच्याच खात्याने चालवा. तरीही अडलं तर सर्व्हरवरची दोन्ही कुलुपं तपासा. एक शेअरचं, दुसरं फोल्डरचं. दोन्हींत जे जास्त कडक, तेच चालतं. तासाभराचं काम.

पण चौथ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस आला आणि पाच मिनिटांत ‘मोकळं’ करून गेला. काय केलं? फोल्डरला ‘एव्हरीवन – फुल कंट्रोल’, म्हणजे सगळ्यांना सगळं. आणि सॉफ्टवेअर सुरू करायला थेट सर्व्हरच्या मुख्य अ‍ॅडमिनचा पासवर्ड, चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलेला. खिडकीतल्या माणसालाही वाचता येईल असा! साहेब खूश, उतारे सुरू.

माझा आक्षेप इथेच आहे. आता त्या कार्यालयातला कुणीही कुणाचीही उताऱ्याची फाईल बदलू शकतो, पुसू शकतो. उद्या एखाद्याच्या घराची नोंद बदललेली निघाली तर कुणी बदलली हे कसं कळणार? नोंदीत सगळीकडे ‘अ‍ॅडमिन’. शेवटी बिल फाटणार मॅडमच्या नावावर, ज्यांनी काहीच केलेलं नाही. आणि रॅन्समवेअर शिरलं तर? ते ज्या खात्याने चालतं, त्या खात्याला लिहिता येतं तिथल्या सगळ्या फाईली ते कुलूपबंद करू शकतं. इथे तर आपणच मुख्य किल्ली टेबलावर ठेवलीय.

दोष मॅडमचा नाही, त्या पोरसवदा टेक्निशियनचाही नाही. त्याला ‘लवकर चालू कर’ एवढंच सांगितलं होतं. शुक्रवारी बदल करण्याआधी एका टेबलावर करून बघायला हवं होतं. कुणाला कशाची परवानगी, हे एका वहीत लिहिलेलं हवं होतं. कपाटाच्या किल्ल्यांची नोंद ठेवता ना? मग याचीही ठेवा. आणि ती चिठ्ठी आजच्या आज काढा, पासवर्ड बदला.

आता आपल्यासाठी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. त्याखाली अधिसूचित सेवेला मुदत असते. अर्ज दिला की पोच घ्या, त्यावर तारीख बघा. मुदत उलटली तर तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं. योग्य कारणाशिवाय उशीर झाला तर संबंधित अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद आहे. ‘सर्व्हर डाऊन’ म्हणाले तर नम्रपणे म्हणा, “साहेब, नेमकं काय बंद आहे ते लिहून द्या.” लिहून द्यायचं म्हटलं की शोधावं लागतं, आणि शोधलं की सापडतं.

आजोबांना उतारा मिळाला, शुक्रवारी. फीची तारीख गुरुवारीच उलटली होती.

तुम्हाला कुठे असाच अनुभव आला? कमेंटमध्ये लिहा. माणसांची नावं नकोत, तारखा मात्र नक्की टाका.