नाळेतले रक्त बाळाचेच

सातवा महिना लागला की प्रसूतिगृहाच्या बाकावर बसलेल्या जोडप्याच्या हाती सोनोग्राफीच्या फाइलसोबत एक गुळगुळीत माहितीपत्रक पडते. बाळाच्या नाळेतले रक्त साठवा, ऐंशी आजारांवर कामी येईल, पैसे हप्त्याने दिले तरी चालतील. पोटात बाळ हलत असताना ‘नको’ म्हणायला जीभ रेटत नाही. भीतीवर पोसलेल्या या धंद्याला सरकारने लगाम घातलाच पाहिजे.

या रक्ताचे मोल खोटे नाही. १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फँकोनी अॅनिमिया झालेल्या मुलाला नाळेतले रक्त दिले आणि त्यातल्या मूळ पेशींनी त्याच्या अस्थिमज्जेत ठाण मांडून नवे रक्त घडवले. पुढे रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया अशा आजारांच्या हजारो रुग्णांना हा उपचार मिळाला. पण पॅरिसच्या त्या मुलाला मिळालेले रक्त त्याच्या नवजात बहिणीचे होते, त्याचे स्वतःचे नव्हे. माहितीपत्रक नेमके हेच गाळते. थॅलेसेमिया घेऊन जन्मलेल्या बाळाच्या नाळेतही तोच जनुकीय दोष असतो. मग ते रक्त त्याला बरे कसे करणार? स्वतःच्या बाळासाठी असे रक्त साठवण्यास शास्त्रीय आधार नाही, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बजावले. बालरोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेनेही २०१८ मध्ये हा ‘जैविक विमा’ नव्हे, असे सांगितले. तरी जाहिराती थांबलेल्या नाहीत.

आणखी एक गोष्ट आईबापांना कोणी सांगत नाही. बाळ बाहेर आल्यावरही नाळ ठोके देत असते. ती किमान एक मिनिट तशीच राहू द्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तेवढ्या अवधीत वारेतले सुमारे ८० मिलिलिटर रक्त बाळाच्या अंगात उतरते आणि त्यातले लोह त्याला पुढचे काही महिने पुरते. पिशवी भरण्याच्या घाईत नाळ लवकर चिमटली, तर बाळ या रक्ताला मुकते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाची जवळपास ६९ टक्के मुले रक्तक्षयी आहेत. अशा राज्यात बाळाच्या वाटणीचे रक्त पिशवीत जावे, हे आम्हाला मान्य नाही.

खोट्या आशा विकणाऱ्या जाहिरातींवर कारवाई हवी. दान केलेले रक्त कोणाही गरजूला देणाऱ्या सार्वजनिक पेढ्यांना सरकारने पैसा द्यावा. थोरल्या भावंडाला थॅलेसेमियासारखा आजार असेल, तर धाकट्याच्या नाळेतले रक्त जरूर साठवावे, आणि त्या गरीब घरांचा खर्च सरकारने उचलावा. बाकीच्यांनी पैसे भरण्याआधी आपल्या डॉक्टरांना एवढेच सांगावे : नाळ लगेच चिमटू नका.