टीव्हीचा बॉक्स चांगला, म्हणून शेअरही चांगला?

बेलपाड्याहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "ताई, मी घरून पोळीभाजीचे डबे देते. चार वर्षांत नव्वद हजार रुपये साठले. ते मुदतठेवीत होते, ती मुदत आता संपली. जूनमध्ये मुलीची नर्सिंगची फी भरायची आहे. भाचा म्हणतो, 'मावशी, टीव्हीला जोडायचे बॉक्स करणाऱ्या एका कंपनीचे शेअर विक्रीला येणार आहेत. आपल्याकडे त्यांचाच बॉक्स आहे, एक दिवस बंद पडला नाही. अमेरिकेत रोकू कंपनीचे शेअर असेच आले आणि पहिल्याच दिवशी दीडपट झाले. सगळे पैसे लावून टाक.' ह्यांना विचारलं, तर म्हणाले, 'तुझे पैसे, तू बघ.' काय करू?"

भगिनी, तुमच्या यजमानांनी एक गोष्ट बरोबर सांगितली. पैसे तुमचे आहेत. तेव्हा माहिती घेऊन निर्णयही तुम्हीच करा.

भाच्याचं म्हणणं खोटं नाही, पण ते अर्धंच आहे. रोकूचे शेअर सप्टेंबर २०१७ मध्ये १४ डॉलरना विकले गेले आणि पहिल्या दिवशी बाजार बंद होताना भाव साडेतेवीस डॉलर होता. पुढे २०२१ च्या जुलैत तो ४५० च्याही वर गेला आणि २०२२ संपताना ४० च्या आसपास आला. ज्याला १४ डॉलरना मिळाला, तो तरीही फायद्यातच राहिला. पण शेजारणीचं ऐकून ४५० ला घेणारीचे दहा रुपयांतले नऊ गेले. बॉक्स मात्र दोघींच्या घरी सारखाच चालत होता!

आता आपल्याकडचं उदाहरण घ्या. मूळच्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, व्हिडिओकॉन समूहाने २००९ मध्ये डीटूएच सेवा सुरू केली. घरोघरी छपरांवर छत्र्या बसल्या. २०१५ मध्ये ही कंपनी थेट अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नोंदली गेली आणि २०१८ मध्ये डिश टीव्हीत विलीन झाली. डिश टीव्हीचा शेअर २०१८ च्या सुरुवातीला साठ रुपयांच्या वर होता. मार्च २०२० मध्ये तो दहाच्याही खाली होता. लोकांनी टीव्ही पाहणं काही सोडलं नव्हतं. पण कार्यक्रम मोबाइलवर आणि इंटरनेटवर आले, गावोगावी दूरदर्शनची फुकट छत्री होतीच, शिवाय कंपनीच्या डोक्यावर कर्ज होतं.

म्हणून वस्तू चांगली आहे एवढ्यावर जाऊ नका, धंदा कसा चालतो ते पाहा. गॅसची शेगडी एकदाच विकली जाते, पण सिलिंडर पुन्हा पुन्हा लागतो. टीव्हीच्या बॉक्सचंही तसंच असतं. रोकूची कमाई पुढे बॉक्सपेक्षा जाहिराती आणि वर्गणीतला वाटा यांतूनच जास्त होऊ लागली. तुमच्या कंपनीचा 'सिलिंडर' कोणता, हे भाच्याला आधी विचारा.

शेअर विक्रीला काढताना कंपनीला सविस्तर माहितीपत्रक जाहीर करावं लागतं. त्यात तीन गोष्टी अवश्य पाहा.

एक, जमणारे पैसे कुणाकडे जाणार? नवे शेअर काढले असतील, तर पैसे कंपनीत जातात. जुने मालक आपले शेअर विकत असतील, तर पैसे त्यांच्या खिशात. जाणकार मालक बाहेर पडत असेल, तर आपण थोडं थांबून विचार करावा.

दोन, गेल्या तीन वर्षांत नफा की तोटा?

तीन, कर्ज किती आणि ते फेडणार कशातून?

अर्ज करणं सोपं असतं. रक्कम तुमच्या खात्यातच अडवून ठेवली जाते, शेअर मिळाले तरच कापली जाते. मागणी फार झाली, तर लहान अर्जदारांना सोडतीने एकेक गठ्ठा मिळतो. मोठ्या कंपन्यांत हा गठ्ठा साधारण चौदा-पंधरा हजारांचा असतो. म्हणजे नव्वद हजार लावले, तरी नव्वद हजारांचे शेअर हाती येतीलच असं नाही, बरं का!

माझा सल्ला असा. फीची रक्कम आजच वेगळी काढा आणि जूनपर्यंतच्या छोट्या मुदतठेवीत घाला. फीची तारीख काही शेअरचा भाव वर यायची वाट पाहत नाही. उरलेल्यातून घरात अचानक लागतील इतके पैसे बाजूला ठेवा. त्यानंतर काही राहिलंच आणि तिन्ही उत्तरं पटली, तर एका गठ्ठ्याचा अर्ज करा. बुडाले तरी चूल अडणार नाही, एवढेच.

तुमच्या भागाला हे नव्याने सांगायला नको. नवी मुंबईसाठी सिडकोने जमिनी घेतल्या, तेव्हा पनवेलकडच्या गावांत मोबदल्याचे पैसे आले. ज्या घरांत त्यांचं नियोजन झालं नाही, तिथे ते कसे संपले हे थोरल्या बायका आजही सांगतात.

भाच्यावर मात्र रागावू नका, त्याला तुमचं भलंच करायचं आहे. एका दुपारी डबे गेल्यावर त्याला समोर बसवा आणि ते माहितीपत्रक मराठीत समजावून सांगायला लावा. त्याला सांगता आलं नाही, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालंच.

जूनमध्ये फीची पावती हातात आली, की मला जरूर कळवा.