औषधाचे खाते कोरे राहू नये

दुकानाचा हिशेब चुकला तर व्यापारी रात्र जागून तो जुळवतो. परंतु घरातील तरुण मुलाचे मन विसकटू लागले, तर तेच घर महिनोन्‌महिने गप्प राहते. मुलगा गादीवर बसेनासा होतो, कोणी कानात बोलत असल्याचे सांगतो, वाढलेल्या ताटाविषयी संशय घेतो. बहिणीची सोयरीक अडेल या भीतीने वडील ही गोष्ट सख्ख्या भावालाही कळू देत नाहीत. ‘लग्न झाले की सुधारेल’, असे म्हणत काळ काढला जातो.

या आजाराचे नाव स्किझोफ्रेनिया, अर्थात छिन्नमनस्कता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला तो जडतो आणि बहुधा ऐन तारुण्यात त्याची सुरुवात होते. हा कोणत्याही कुळाचा दोष नव्हे. उपचार जितके लवकर सुरू होतात, तितकी सुधारणेची आशा अधिक.

राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. त्यांपैकी एकही मराठवाड्यात नाही. नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकारांवर उपचार होतात. परंतु किनवटहून नांदेड गाठायचे तर शंभर किलोमीटरांहून अधिक प्रवास घडतो. पहिली भेट कशीबशी होते. पुढे दर महिन्याची फेरी जड जाते, रुग्णाला बरे वाटू लागते, गोळ्या बंद पडतात आणि आजार उलटतो. खरी अडचण आहे ती या सातत्याची.

येथे दूरध्वनी उपयोगी पडतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो, तोही मराठीतून. ‘ई-संजीवनी’द्वारे गावाजवळच्या आरोग्य केंद्रात बसून दूरच्या डॉक्टरांशी पडद्यावर बोलता येते. मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी उपलब्ध असतात आणि लिहून दिलेल्या गोळ्या केंद्रात मिळतील का, हे आधी विचारून ठेवावे.

मात्र केवळ यंत्रावर विसंबून चालत नाही. सातारा, गोवा व तामिळनाडू येथील २८२ रुग्णांचा एक अभ्यास २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. काहींवर केवळ दवाखान्यात उपचार झाले; इतरांच्या घरी त्याबरोबरच प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्तेही जात राहिले. वर्षअखेरीस दुसऱ्या गटात सुधारणा माफक, पण निश्चितपणे अधिक दिसली. जे काम त्या कार्यकर्त्यांनी केले, त्यातील काही भाग घरच्या माणसालाही उचलता येतो.

त्यासाठी घरातील एकाने वही ठेवावी. गोळी घेतली की नाही, किती उरल्या, झोप किती, हातांना कंप वा अंगाला ताठरता आहे का, हे रोज दोन ओळींत लिहावे आणि सल्ल्याच्या वेळी वाचून दाखवावे. गोळीच्या वेळेसाठी मोबाईलवर गजर लावावा; शेवटच्या आठवड्याची गोळी उरली असतानाच पुढची सोय करावी.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न असतो. गोळी रात्रीची आणि घरात चोविहार. किंवा पर्युषणातील उपवास. अशा वेळी गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना नियम आधीच सांगावा. पुष्कळदा वेळ बदलून देता येते. ज्यांना ते शक्य नसेल, त्यांनी औषधासाठी सवलत ठेवण्याविषयी गुरुमहाराजांना विचारावे.

रुग्ण जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागला, अन्नपाणी सोडून बसला किंवा हिंसक झाला, तर पडद्यावरील सल्ल्याची वाट पाहू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून थेट रुग्णालय गाठावे.

दवाखान्याच्या दारात कोणी पाहील, या भीतीने अनेक घरे पहिले पाऊलच उचलत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि पहिला फोन तर घरातूनच करता येतो. सोयरीक पुढेही जुळेल. उपचाराविना गेलेली वर्षे मात्र मुलाला परत मिळत नाहीत.