चेटकिणीचा बाण

श्टुटगार्टला नोकरीस असलेल्या भाच्याची, मुलाचा बूट उचलण्यासाठी वाकल्याचे निमित्त होऊन, कंबर धरली. आणि तेथील डॉक्टरांनी या दुखण्याला 'हेक्सेनशुस' म्हटल्याचे त्याने फोनवर सांगताच आमच्या दिवाणखान्यात जो हशा पिकला, तो मला अजून खुपतो आहे. हेक्से म्हणजे चेटकीण आणि शुस म्हणजे नेम धरून सोडलेला बाण, एवढे कळताच "कोणत्या चेटकिणीने मारला रे?" असे एकाने विचारले, आणि उत्तरादाखल कोणी तरी वयोवृद्ध आत्याबाईंकडे बोट दाखविले. त्यांचा वाती वळणारा हात थांबला. त्या हसल्या नाहीत.

आपण ज्याला उसण भरणे म्हणतो तेच हे दुखणे. कण्याच्या खालच्या अंगाचे स्नायू एकाएकी आखडतात, आणि बहुधा काही दिवसांत वेदना आपोआप उतरते. परंतु ती ज्या आकस्मिकपणे येते त्याची उपपत्ती अदृश्य बाणाखेरीज जुन्या युरोपला लावता येईना. उल्रिख मोलिटोर या कायदेपंडिताच्या १४८९ च्या लॅटिन ग्रंथातील एका काष्ठचित्रात तर एक स्त्री पुरुषाच्या पायावर चक्क बाण रोखून उभी आहे. म्हणजे दुखण्याचे नाव ठेवतानाच आरोपीही मुक्रर झाला होता, आणि ती बाई होती.

याचे पर्यवसान कशात होत असे? जर्मन भाषेच्याच मुलखात, स्वित्झर्लंडमधील ग्लारुस येथे, आना गोल्डी ही मोलकरीण ज्या घरी चाकरीस होती तेथील मुलगी टाचण्या ओकू लागल्याची फिर्याद झाली. छळ करून आनाचा कबुलीजबाब घेतला गेला, फैसल्यात चेटकाचा उच्चार टाळून विषप्रयोगाचा गुन्हा लिहिण्यात आला, आणि १७८२ च्या जून महिन्यात तरवारीने तिचा शिरच्छेद झाला. ती निर्दोष होती हे तेथील विधिमंडळाने मान्य केले ते २००८ साली!

आमच्या नंदुरबारकडील पाड्यांत, जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली होऊनही, कोणाचे मूल दगावले किंवा गुरे मेली की एखादीला डाकीण ठरविल्याच्या फिर्यादी येतात. ती पुष्कळदा विधवा असते. आणि बारकाईने तपास केला, तर आळ घेणाऱ्याचा डोळा कित्येकदा तिच्या नावावरील जमिनीच्या तुकड्यावर असल्याचे आढळते.