बैलापेक्षा दावं महाग

राजूरच्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनात बैल घ्यायला आलेला माणूस काय बघतो? दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो. डांगी म्हटलं की काळा टणक खूर आणि तेलकट कातडी आधी बघायची, कारण आमच्याकडच्या पावसात तीच टिकते. बैलाला बांधलेलं दावं कुठल्या सुताचं आहे, यावरून सौदा मोडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. दावं मजबूत पाहिजे, लांबीला पुरलं पाहिजे. बास.

आणि याच माणसांची शिकलेली पोरं घरी होम थिएटर लावायला बसली की नेमका दाव्याचा भाव विचारत बसतात.

आमच्या भागातली पोरं नाशिकला, चाकणला कंपनीत लागतात आणि वर्ष-दोन वर्षांत हप्त्यावर ५.१ ची सिस्टिम घरी आणतात. यात हसण्यासारखं काही नाही. थिएटरला जायचं म्हणजे गाडीभाडं आणि अख्खा दिवस, तेव्हा थिएटरच घरी आणावंसं वाटणं साहजिक आहे. नात्यातल्या, ओळखीतल्या घरांत ही सिस्टिम जोडून द्यायला मी जातो. अलीकडे खोक्यातून पाच स्पीकर निघतात, बेसचा डबा निघतो आणि शेवटी निघते ती केबल. कापडी वेष्टणाची, सोनेरी टोकांची, सापासारखी जाड. एका घरात तर तिची किंमत मधल्या स्पीकरपेक्षा जास्त होती. शहरातल्या दुकानदाराने सांगितलं होतं म्हणे, "एवढी सिस्टिम घेताय आणि साधी वायर लावणार?"

माझा राग या एका वाक्यावर आहे. त्यात माहिती काहीच नाही, नुसती लाज घालणं आहे.

आधी हिशोब करू. साध्या तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची वायर म्हणजे घरातल्या प्लगला वापरतो तीच जाडी. तिच्या एक किलोमीटर लांबीचा रोध ७ ते ८ ओहम असतो. तुमचा स्पीकर ५ मीटर लांब आहे असं धरा. जाऊन-येऊन १० मीटर वायर झाली, म्हणजे तिचा रोध ०.०८ ओहमच्या आत. समोर स्पीकर ८ ओहमचा. या वायरीमुळे आवाज घटतो साधारण ०.१ डेसिबलने. कानाला फरक कळायला साधारण १ डेसिबल तरी लागतो. म्हणजे सगळ्यात महाग केबल लावून हा तोटा शून्यावर आणला, तरी जे मिळेल ते ऐकू येण्याच्या दहाव्या हिश्शाएवढं असेल.

टीव्ही आणि अँप्लिफायर यांच्यामधल्या एचडीएमआय केबलची गोष्ट तर याहून सरळ. तिच्यातून आकडे जातात. आकडे पोचले तर आवाज येतो, नाही पोचले तर तो तुटतो, चित्रात ठिपके चमकतात किंवा पडदा काळा होतो. महाग केबलमुळे "आवाज मऊ झाला" हे म्हणजे महाग पाकिटातून पाठवलं म्हणून पत्रातला मजकूर गोड झाला, असं म्हणण्यासारखं आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "आम्हाला फरक ऐकू येतो. तुमचा कान तयार नाही."

ठीक आहे, तपासू. तुम्ही डोळे मिटून बसा. घरातलं कोणीतरी नाणं उडवून ठरवेल, या वेळी साधी वायर की महाग. आवाजाची पातळी तीच, गाणं तेच. असं दहा वेळा करा. दहापैकी नऊ वेळा बरोबर ओळखलंत तर मी गप्प बसेन, कारण नुसत्या अंदाजाने नऊ किंवा दहा उत्तरं बरोबर येण्याची शक्यता जेमतेम १ टक्का आहे. ही परीक्षा फुकट आहे, घरच्या घरी होते. तरी केबल विकणारा ती द्यायला सांगत नाही. प्रदर्शनातला व्यापारी बैल चालवून दाखवायला नाही म्हणाला, तर तुम्ही काय समजाल?

"कान तयार नाही" या वाक्याचं विष वेगळं आहे. ज्याच्या घरात पहिल्यांदाच अशी वस्तू आली, त्याला आधीच धाकधूक असते की आपल्याला यातलं कळत नाही. ती धाकधूक ओळखून तिच्यावरच दर लावला जातो. ऐकू येणाऱ्या फरकाची किंमत घेणं हा व्यापार झाला. ऐकू न येणाऱ्या फरकाची किंमत घेऊन वर गिऱ्हाइकालाच अडाणी ठरवायचं, याला मी व्यापार म्हणणार नाही.

मग आवाज सुधारतो कशाने? ज्याची जाहिरात होत नाही त्याने. खोलीने.

'सैराट'चा (२०१६) वाद्यवृंद हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित झाला. इतक्या लांब कोणी वायरीसाठी जात नाही. जातात ते वादकांसाठी आणि त्या खोलीसाठी. आपली खोली मात्र १० बाय १२ ची, नागड्या सिमेंटच्या भिंतींची, वर स्लॅब नाहीतर पत्रा. १२ फुटांच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमतो, १० फुटांत ५६ च्या आसपासचा. म्हणून बेस एका खुर्चीवर छातीत धडकतो आणि शेजारच्या खुर्चीवर गायब होतो. त्यावर इलाज फुकट आहे. बेसचा डबा आपल्या बसायच्या जागी ठेवा, गाणं लावा आणि भिंतीच्या कडेने रांगत फिरा. जिथे बेस सरळ, न घुमता ऐकू येईल तिथे डबा ठेवा. पाहुणे हसतील. हसू द्या. यातून कित्येक डेसिबलचा फरक पडतो, ०.१ चा नाही.

समोरचे दोन स्पीकर बसणाऱ्याच्या मधल्या रेषेपासून डावी-उजवीकडे ३० अंशांवर आणि मागचे दोन १०० ते १२० अंशांवर, ही आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. मी बघितलेल्या निम्म्या घरांत मागचे स्पीकर टीव्हीच्याच कपाटावर रांगेत मांडलेले असतात, कारण वायर पुरली नाही. महाग होती ना, म्हणून कमी घेतली. समोरच्या भिंतीला गोधडी टांगा, खाली सतरंजी अंथरा, खिडकीला जाड पडदा लावा. आजीने शिवलेली गोधडी सोनेरी टोकापेक्षा जास्त काम करते.

सगळ्यात मोठा अन्याय होतो तो मधल्या स्पीकरवर. ५.१ मध्ये बहुतेक संवाद त्याच एका स्पीकरमधून येतात. आणि तोच सगळ्यात दुर्लक्षित, टीव्हीखाली फळीत कोंबलेला. पैसे जातात बेसवर आणि केबलवर. पोरगा खूश, कारण भांडी वाजतात. पण म्हातारपणी कान आधी वरचे सूर गमावतो. स, श, त, च हे वर्ण तिथेच असतात. मग आजी दर दोन मिनिटांनी विचारते, "काय म्हणाली रे ती?" पुढे विचारणंही सोडते आणि आत जाऊन पडते. पोराने कमाईतून घरासाठी आणलेल्या वस्तूने घरातलंच एक माणूस खोलीबाहेर काढलं, आणि त्याचा कोणाला पत्ताही नाही. पावसाळ्यात वर पत्रा वाजत असताना तर तिचं काहीच चालत नाही. मधला स्पीकर फळीच्या कडेला ओढा, कानाच्या दिशेला थोडा वर कलता ठेवा, सेटिंगमध्ये त्याची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवा. पैसे उरले असतील तर पहिला बदला तो हाच स्पीकर.

वायरीला काहीच अर्थ नाही असं मी म्हणत नाही. दावं कुजकं असेल तर बैल सुटतोच. वायर तांब्याची आहे ना, हे टोक खरवडून बघा. आत पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असू शकतं, आणि ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहतं. लांबी पुरेशी घ्या. लाल-काळी टोकं उलटी जोडू नका, उलटी लागली की दोन स्पीकर एकमेकांचा बेस खातात. सांधे कोरडे ठेवा आणि उंदरांपासून जपा. लांबचं एचडीएमआय कनेक्शन असेल तर आधी चालवून बघा, मग भिंतीत गाडा. एवढं केलं की वायरीचा विषय संपला.

राहिलेल्या पैशांत हप्ता लवकर फेडा. पुढच्या वेळी दुकानदार म्हणाला, "साधी वायर लावणार?" तर मान खाली घालू नका. आपल्या बापजाद्यांनी जनावर पारखून घेतलंय. सरळ सांगा, आधी बैल चालवून दाखव, दाव्याचं नंतर बघू.