बांधावर कॉसमॉस फेकणाऱ्यांनो, थांबा!

सध्या एक नवीन खूळ निघालंय. "बांधावर कॉसमॉसचं बी फेका, खर्च नाही, पाणी नाही, दरवर्षी आपोआप उगवतं, मधमाश्या येतात." बियांच्या पुड्या फुकट वाटल्या जातायत. फुकट मिळतंय म्हणून आपणही खिसे भरून आणतोय.

"आपोआप उगवतं" हा गुण आहे की धोका, ते आधी ठरवा. गाजरगवतही आपोआपच उगवतं. 1955 च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा दिसलं. आज कुठल्या गावाचा बांध त्याच्यापासून सुटलाय, सांगा. कॉसमॉस त्याच कुळातला, मूळचा मेक्सिकोचाच. पुण्याच्या टेकड्या पावसाळा सरताना पिवळ्या-केशरी होतात ना, लोक तिथं सेल्फी काढतात. त्या फुलांखाली आपला तेरडा, कुर्डू, मारवेल दबतोय, ते कुणी बघत नाही. त्याचं बी सुईसारखं लांब, टोकाला उलटे काटे. कपड्याला, जनावराच्या केसांना चिकटून पुढच्या शिवारात जातं.

काही जण म्हणतील, "झेंडूही मेक्सिकोचाच की!" बरोबर. पण झेंडू तुमचं शेत सोडून डोंगरावर चढला नाही. मूळ कुठलं याला महत्त्व नाही, वागणूक कशी याला आहे. आणि मधमाशी येते हेही खरं, मी नाकारत नाही. पण तिला बारा महिने खायला लागतं. सगळा बांध एकाच फुलाचा केला, तर बहर सरल्यावर तिनं जायचं कुठं?

बिनखर्चाची फुलं हवीतच, त्याबद्दल वाद नाही. मग ही करा:

– कोथिंबीर, बडीशेप, शेपूची चार-दोन झाडं काढू नका, फुलू द्या. त्या बारीक फुलांवर मित्रकीटक येतात. बी तिथंच गळतं, ओल मिळाली की पुन्हा उगवतं.
– तुळस एकदा लावली की तिची रोपं भोवती येतातच.
– टोमॅटोच्या कडेला झेंडू, फळ पोखरणाऱ्या अळीसाठी सापळा म्हणून. बी देशी झेंडूचं धरा, संकरित झेंडूचं पुढं तसंच येत नाही.
– तेरडा, कुर्डू आपोआप आला तर बांधावर राहू द्या. पिकात आलेला कुर्डू मात्र उपटा, तिथं तो तणच.

आणि बांधावर तणनाशक मारणं आधी बंद करा. एका हातानं फवारायचं आणि दुसऱ्या हातानं मधमाशीसाठी बी फेकायचं, हे कुठलं शहाणपण?

ज्यांच्या बांधावर कॉसमॉस आलाय त्यांनी फुलायच्या आत, ओल असताना मुळासकट उपटावा. एका वर्षात संपणार नाही. जमिनीत पडलेलं बी पुढं उगवत राहतं, त्यामुळं सलग काही वर्षं मागं लागावं लागेल.

कृषी अधिकारी, कृषी सहाय्यक मंडळींनाही विनंती: रोपं-बिया वाटायच्या आधी एकच विचारा. हे झाड नको झालं तर काढता येईल का? उत्तर "नाही" असेल तर पुडी फोडूच नका.

तुमच्या शिवारात कॉसमॉस कुठवर पोचलाय? गाव आणि तालुका खाली लिहा.